महिना आधी, तारीख नंतर

"सर, आपल्या कोकिळेचीच पत्रिका टाका ना," पहिल्या रांगेतून माणिकराव म्हणाले, आणि वामनराव हसतच मशीनपुढे बसले.

देऊळगाव राजाच्या संगणक मंडळाची ती सभा होती. मंडळ वामनरावांनीच काढलेलं. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांनी गावातल्या दोन-चार वकील-डॉक्टरांना नादी लावलं आणि १९८९च्या हिवाळ्यात जालन्याहून एका विक्रेत्याला मशीनसकट बोलावून घेतलं. साखरखेर्ड्याच्या माणिकरावांनाही मुद्दाम आणलं होतं. त्यांच्या मुलाशी वामनरावांच्या मुलीचा, कोकिळेचा साखरपुडा ठरला होता. होणाऱ्या व्याह्यानं आपला मान बघावा, एवढीच हौस.

वामनरावांचं भाषण झाल्यावर विक्रेत्यानं बोलणारं घड्याळ दाखवलं, खिशात मावणारी डायरी दाखवली. मग पडद्यावर कुंडली लावली, तसे मागचे लोक उठून पुढे आले.

वामनरावांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. मुलीची त्यांनी कधी मांडूनच घेतली नव्हती आणि माणिकरावांनीही तो विषय काढला नव्हता. गंमत म्हणून त्यांनी चार दाबलं, मग सात, मग साल. जन्मवेळ तर त्यांना पाठच होती. त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीत तेच येरझारा घालत होते. प्रिंटर करकरला. विक्रेत्यानं कागद फाडला आणि खणखणीत आवाजात वाचला, "मंगळ आठव्या घरात! मुलीला कडक मंगळ आहे. बघा मंडळी, भटजींना याला दिवस लागला असता!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणिकराव चहाला थांबले नाहीत.

सकाळी विक्रेत्याला निरोप द्यायला वामनराव स्टँडवर गेले. पेटी टपावर चढवताना तो म्हणाला, "मशीन घ्याच सर. फक्त तारीख सांभाळून टाका. अमेरिकन पद्धत आहे, महिना आधी, तारीख नंतर."

वामनरावांचा हात पेटीवरच राहिला. कोकिळा चार जुलैची. मशीननं धरली होती सात एप्रिल.

ते तसेच साखरखेर्ड्याला गेले. माणिकरावांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असन, सर. पन चार लोकांत वाचलं ना त्यानं."

"चूक माझ्या हातची आहे. मी पुन्हा मांडून आणतो. भटजीकडून आणतो, हवं तर."

"आता भटजीचं कोन मानीन? तुम्हीच त काल भाषनात म्हनत व्हते, मानूस चुकते, मशीन चुकत नाही." त्यांनी रिकामा पेला उचलून घेतला. "पोरीले दुसरं स्थळ भेटन. तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

घरी आले तेव्हा कोकिळा परसात धुणं पिळत होती. आई गेल्यापासून घर तिच्याच अंगावर होतं. वामनरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठली तारीख, कसा घोळ झाला, माणिकराव काय म्हणाले. तिनं हात थांबवला नाही.

"म्हंजे ते सात एप्रिलची पोरगी दुसरीच हाये कोनी."

"हो."

"मंग तिचं मोडाले पाह्यजे व्हतं, बाबा. माह्यं काऊन मोडलं?"

बादली उचलायला ते वाकले. तिनं ती आधीच दुसऱ्या हाताला घेतली. दोरीपाशी जाऊन त्यांचा सदरा झटकला, वाळत घातला आणि एकेक बाही ओढून सरळ केली.