टेकूवर दोनदा टकटक

मित्रांनो, मी एका हॉटेलातले जुने टेबल आहे, आणि तुमच्यापासून काय लपवायचे, मी स्वभावानेच भित्रा आहे. तुम्ही दिवसातून तीनदा खाता, मी दिवसातून तीनदा घाबरतो.

सुताराने मला घडवले तेव्हा मालक त्याच्या डोक्यावरच उभे होते. खोली चिंचोळी, आणि गिऱ्हाईक वेळेप्रमाणे वेगळे. सकाळी कामावर निघालेला एकेकटा माणूस येतो, चहा आणि अंडी पोटात ढकलतो आणि पळतो. दुपारी आजूबाजूच्या दुकानांतली माणसे चौघांच्या टोळक्याने येतात. संध्याकाळी अख्खी कुटुंबे येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. म्हणून सुताराने माझी अर्धी फळी बिजागरीवर बसवली. सकाळी ती खाली सोडायची, म्हणजे मी भिंतीशी अंग चोरून उभा राहतो. दुपारी वर उचलायची, म्हणजे चार खुर्च्या बसतात. दुपारनंतर झाडण्यासाठी फळी पुन्हा खाली येते; संध्याकाळी ती उचलून शेजारचे टेबल मला जोडायचे, की आठ माणसे आरामात जेवतात.

उचललेली फळी एका लाकडी टेकूवर उभी असते. हा टेकू माझ्या पोटातून बाहेर ओढायचा असतो, तोही पूर्ण. अर्धवट ओढला तर रिकामी फळी छान सरळ दिसते, वजन आले की टेकू हळूहळू आत सरकतो. माझी सगळी भीती त्या टेकूत आहे.

सुरुवातीच्या वर्षी सगळे माझे कौतुक करत. एकाच टेबलाची तीन टेबले, असे मालक येईल त्याला सांगत. मीही फुशारलो होतो. मग एका दुपारी घाईघाईत फळी वर गेली आणि तिच्यावर उकळत्या सुपाचे भांडे आले. टेकू सरकतोय हे मला कळले. मी बिजागरीतून करकर केली, पण गर्दीत कोण ऐकतो? फळी धाडकन कोसळली आणि सगळे सूप वाढणाऱ्याच्या हातावर सांडले. तो तेव्हा तरुण होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. “टेकू मीच ओढला होता, चूक माझीच,” असे त्याने मालकांना सांगितले, पण फळी तर माझी होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

हाच माणूस पुढे सगळ्यांचा मामा झाला. त्या दिवसापासून मामाने एक सवय लावून घेतली. टेकू ओढला की खालून त्यावर बोटाने दोनदा टकटक करायची. बाकीचे त्याची थट्टा करत. टेबलाची नाडी पाहणारा वैद्य म्हणत. मामा हसून सोडून देई. ती टकटक ऐकली की माझा जीव भांड्यात पडे. तोवर तो टांगलेलाच.

अशी कितीतरी वर्षे गेली. मालक थकले आणि कारभार त्यांच्या सूनबाईंकडे आला. बाई हुशार. कोणत्या वेळी कोणते टेबल कुठे, याचा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला, आणि मांडणी दहा मिनिटांत बदललीच पाहिजे असे बजावले. माझ्या करकरीची गिऱ्हाइके तक्रार करत, म्हणून बिजागऱ्यांना तेल घातले. माझा आवाज छान बंद झाला. बाई खूश झाल्या आणि माझी मात्र पाचावर धारण बसली. आता मला ओरडताही येणार नव्हते.

आणि तसेच झाले. एका संध्याकाळी आठ जणांचे कुटुंब वेळेआधीच आले. मामा आत सूप आणायला गेला होता. सूनबाईंनी स्वतःच फळी उचलली, टेकू जेमतेम बोटभर ओढला आणि वर चादर पसरली. टकटक झाली नाही. पाणी आले, ताटल्या आल्या. मग आजीने नातीला उचलले आणि खुर्ची येईपर्यंत म्हणून थेट माझ्या फळीवर बसवले. नात दहा महिन्यांची. दोन्ही हातांनी माझ्यावर थापट्या मारत होती, आणि प्रत्येक थापटीला टेकू आत सरकत होता. मी ओरडायला गेलो, पण तेल घातलेल्या बिजागरीतून आवाजच निघेना.

मामा भांडे घेऊन बाहेर आला. चादरीची कड किंचित झुकलेली त्याला दिसली. त्याने भांडे शेजारच्या टेबलावर ठेवले, चमचा पडल्यासारखे दाखवून खाली वाकला आणि खांदा माझ्या फळीखाली लावला.

“आजी, बाळाला जरा उचलून घ्या,” तो शांतपणे म्हणाला. “मला टेबल पुसायचंय.”

टेबल स्वच्छच आहे, असे आजी कुरकुरल्या.

“तरी घ्या.”

आजींनी नातीला घेतले. मामाने टेकू ओढला. टक, टक. त्या कुटुंबाला काही कळलेसुद्धा नाही.

सगळे जेवून गेल्यावर सूनबाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मामाला टेकू ओढताना त्यांनी पाहिले होते. “मला वाटलं, ओढलाय,” त्या म्हणाल्या.

मामाने बाही वर सरकवली. “मलाही त्या दिवशी वाटलंच होतं.”

आता मामाचे गुडघे चालत नाहीत. तो लेकीकडे राहायला गेला. टकटक आता सूनबाई करतात, अगदी मामासारखी. पण माणूस आहे, गर्दी असली की राहून जाते.

मित्रांनो, आत्ता दुपार संपून संध्याकाळ होते आहे. माझी फळी वर आहे, चादर घातली आहे, आणि दारातून तुम्ही येताना दिसता. धाकट्या बहिणीला तुम्ही कडेवर घेतले आहे. तिला माझ्यावर बसवण्याआधी चादरीखाली हात घाला आणि टेकू चाचपून बघा. कोणी हसले तर हसू द्या. संध्याकाळची टकटक अजून झालेली नाही.