तळ्याकाठचा फोटो

तो फोटो मीच काढला होता, त्यामुळे त्याची काळजीही माझ्याच वाट्याला आली.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात आमच्या पाणी-तपासणीच्या लॅबने मला एका नव्या उपकरणाच्या ट्रेनिंगसाठी कोरियात सोलला पाठवलं. बाबा, म्हणजे यादवराव, बहरैनमधल्या अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांचा व्हिसा संपत आला होता. त्यानंतर ते आणि आई कायमचे अकोल्याला जाणार होते आणि मी मनामातच राहणार होते. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. त्या वेळी म्हणाले, "संघू, मलेही ने. थो राजवाडा पाहून घेतो एकदा."

राजवाडा म्हणजे आमच्या हॉलमधल्या कॅलेंडरवरचा. कारखान्याची नवी शेड उभी राहत असताना चो नावाचा एक कोरियन इलेक्ट्रिशियन बाबांबरोबर कामाला होता. परत जाताना त्याने ते दिलं. वर्ष संपल्यावर बाबांनी तारखा कापून टाकल्या आणि चित्र ठेवलं. चौकोनी तळं, मधोमध गोल बेट, दोन दगडी पाय पाण्यात सोडून बसल्यासारखा एक मंडप आणि पाणीभर कमळं. खालची अक्षरं आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. कोरिया बुद्धाचा देश आणि तळ्यात कमळं, तेव्हा राजा बौद्धच असणार, असं बाबांनी ठरवलं आणि ते चित्र बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी फ्रेम करून लावलं. आई रोज तिन्ही फ्रेम पुसायची. लॅबमध्ये मी दुसऱ्याने लिहिलेला आकडा तपासल्याशिवाय पुढे देत नाही, पण घरातल्या भिंतीवरचं काही तपासावं असं मला कधी सुचलं नाही.

ट्रेनिंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्यात गेलो. मागची बाग गाइडबरोबरच पाहावी लागते, एकट्याने रेंगाळता येत नाही. आमची गाइड हातात छोटं निशाण घेतलेली एक तरुण मुलगी होती. दरबाराच्या पटांगणात दगडांच्या दोन रांगा रोवलेल्या होत्या. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं, ते त्या दगडांवर कोरलेलं होतं. मी बाबांना सांगितलं.

"कारखान्यातल्या आमच्या पॉटरूमसारखंच," बाबा म्हणाले. "सुपरवायझर पंख्याखाली, आमी भट्टीपाशी."

पुढे चढ लागला. बाबांच्या छातीत बावीस वर्षांचा धूर होता. ते चार पावलं टाकायचे, थांबायचे, झाडांकडे पाहिल्यासारखं करायचे. पानं लाल झाली होती. मलाही पाच दिवस वाकून काम केल्याने पाठीत कळ होती. गाइड पुढच्या वळणावरून निशाण हलवत होती.

तळं दिसलं. चौकोनी तळं, गोल बेट, मंडप, सगळं चित्रातल्यासारखंच होतं. फक्त कमळं नव्हती. काळपट पाण्यावर वाळलेली, मोडलेल्या देठांची पानं होती. बाबा काठाशी गेले, टोपी काढली आणि हात जोडून उभे राहिले. मी फोटो काढला.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या पोरीले इचार, राजाचं विहार कुठं हाय?"

मी विचारलं. ती जरा गोंधळली, मग इंग्रजीत, अगदी नम्रपणे सांगू लागली. इथे विहार नाही. या घराण्याचे राजे बुद्धाला मानत नसत. भिक्खूंना समाजातल्या सगळ्यात खालच्या लोकांत धरत. कित्येक शतकं त्यांना राजधानीच्या वेशीच्या आत यायला बंदी होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उठली. डोंगरावरच्या तटबंदीसाठी मात्र त्यांनाच राबवलं जाई. राणीवशातल्या काही बायका चोरून पूजा करायच्या. एवढं सांगून तिने विचारलं, "तुम्ही बौद्ध आहात का?"

मी हो म्हटलं. ती कमरेत वाकली आणि निशाण उंच करून पुढे निघाली.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"विहार नाही म्हणते. बाकीचं नंतर सांगते."

"बरं," बाबा म्हणाले आणि टोपी घातली.

ते नंतर लवकर आलं नाही. विमानात ते झोपले. बहरैनला उतरल्यावर मी थेट ड्यूटीवर गेले. फोटो धुऊन आले तेव्हा प्रज्योत घरी आला होता. आमची शुक्रवारची वंदना त्याच्या फ्लॅटवर होते. मनामाच्या सीफ भागातल्या एका ऑफिसात तो अकाउंट्स पाहतो आणि सगळं उत्साहाने करतो. तळ्याकाठचा फोटो पाहून त्याने कपाळाला लावला.

"काका, हा मोठा करून आणतो. शुक्रवारी तुमचा निरोप आहेच, तेव्हा या सफरीवर बोला. वर लिहू, 'बौद्ध राजाच्या दारी उपासक यादवराव'. मुलांना कळू दे आपला धम्म कुठपर्यंत राजा होता."

बाबा उरलेले फोटो चाळत राहिले. आई चहा देत म्हणाली, "बोलतीन ना. घरात तोंड उघडत नाहीत, तिथं तरी उघडतीन."

गुरुवारी संध्याकाळी बाबा खोक्यांना दोरी बांधत होते. उद्या चाळीस माणसांसमोर ते उभे राहणार आणि जे नव्हतं ते सांगणार. त्यातलं कोणी कधी सोलला गेलं, किंवा एखाद्या मुलाने पुस्तकात वाचलं, तर हसू माझ्या बापाचं होणार. मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि गाइड बोलली ते सगळं क्रमाने सांगितलं.

त्यांनी गाठ पुरी केली.

"नॉट अलाउड एवढं इंग्रजी समजते मले, बाई. बावीस वर्षं तेच तर वाचलं, या दारावर, त्या दारावर."

"मग तिथेच का बोलला नाहीत?"

"तू थकली होतीस. मीही." त्यांनी दुसरं खोकं ओढलं. "अन् नंतर सांगतो म्हणली होतीस. म्हटलं, सांगन."

मी प्रज्योतला फोन लावला. त्यालाही सगळं सांगितलं.

"ताई, मोठा फोटो फ्रेम करून आलाय. काकांना म्हणावं तेवढं वगळा. बाग सुंदर होती, तळं होतं, संपलं. खोटं कुठे बोलायचंय?"

मी त्याचं म्हणणं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पाहू."

शुक्रवारी वंदना झाली. फोटो टेबलावर उभा केलेला, त्याला झेंडूच्या प्लॅस्टिकच्या फुलांची माळ. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मी शेवटच्या ओळीत बसले होते.

"राजवाडा मोठा हाय," बाबा म्हणाले. "बागही चांगली हाय, पण चढ फार. मी समजत होतो थो राजा आपला. थो आपला नव्हता. भिक्खूले त्याच्या गावात पाय ठेवू देत नव्हते. दगड फोडाले बलावत. आपल्या आज्यापंज्याचं होतं, तसंच." ते दम घ्यायला थांबले. प्रज्योत खाली पाहत होता. "मले वगळून बोल म्हणत होते. पण वगळाचं म्हटलं तर ध्यानात ठेवा लागते, काय वगळलं ते. मी आता थकलो. जे हाय ते सांगतो अन् बसतो."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

प्रज्योतची मुलगी रश्मी पुढेच मांडी घालून बसली होती. नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिने फोटोकडे बोट केलं.

"देन हू आर यू प्रेइंग टु, आजोबा?"

"रश्मी!" प्रज्योत म्हणाला.

बाबांनी फोटोकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

"मले दम लागला होता, बेटा. नुसता उभा राहिलो असतो तर थे निशाणवाली 'चला चला' म्हणाली असती. हात जोडले की कोणी घाई करत नाही."

आधी आई हसली, मग सगळेच. प्रज्योतही हसला, थोडा उशिराने. मी हसले नाही. व्ह्यूफाइंडरमधून मी त्या वेळी त्यांचा चेहरा नीट पाहिला होता आणि मला काही वेगळं दिसलं होतं असं वाटत होतं. पण फोटोत ते सिद्ध करता येण्यासारखं काही नव्हतं. एक म्हातारा माणूस, हात जोडलेले, मागे वाळलेली पानं.

आम्ही निघताना प्रज्योतने फ्रेम माझ्या हातात दिली. "काकांना ठेवू द्या. माळ मी काढून घेतली आहे."

घरी आल्यावर बाबा तसेच पलंगावर आडवे झाले. आईने भिंतीवरच्या फ्रेम उतरवायला घेतल्या. बुद्ध आणि बाबासाहेब दोन टॉवेलांत गुंडाळून झाले. कॅलेंडर हातात धरून ती उभी राहिली. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उमटला होता.

"अजी, याचं काय करू? तुमचा राजा तर भलताच निघाला. इथंच राहू देऊ?"

"घे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"कायले?"

"तळं काय राजानं खणलं होतं?"

"तुम्हीच खणलं जसं," आई म्हणाली. "सरका, चादर काढू द्या. त्यातच गुंडाळतो."

ते भिंतीकडे सरकले. आईने अर्धी चादर ओढून काढली. उरलेली त्यांच्या अंगाखाली अडकली होती. तेवढ्यात ते झोपलेही होते. ती ओढता ओढता थांबली, कॅलेंडर खुर्चीवर ठेवलं आणि दिवा मालवला.