हौदाचे अस्तर

नृसिंहरावांना त्या हौदाचा कंटाळा आला होता, आणि कंटाळा आला आहे हे स्वतःशी कबूल करण्याचेही त्राण त्यांच्यात उरले नव्हते. मागच्या अंगणात, तुळशीवृंदावन आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये, बारा फुटांचा तो गोल हौद गेली दोन वर्षे ठाण मांडून बसला होता. जमिनीवरच उभी केलेली पत्र्याची चार फुटी भिंत, आतून निळे प्लास्टिकचे अस्तर, आणि काठावरून चढून आत उतरायला दुहेरी शिडी. पद्मजाबाईंना अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली, तेव्हा डॉक्टरांनी कमरेइतक्या पाण्यात रोज चालायला सांगितले होते. पाणी अंगाचा भार उचलते, पायाला पुन्हा आपले काम आठवते. पुण्यात नोकरीला असलेल्या धवलने आईसाठी तो हौद पाठवून दिला, दोन माणसे लावून उभा करून दिला, आणि त्यानंतरचे सारे बापावर सोपवले.

पायाला काम आठवलेही. पहिले वर्ष खाटेवर काढलेल्या पद्मजाबाई आता काठी टेकत देवघरापर्यंत जात होत्या. अशात एके दिवशी हौदाचे पाणी टिकेनासे झाले. सकाळी भरावे आणि दुसऱ्या सकाळी वीतभर उतरलेले असावे. वृंदावनाच्या पायथ्याशी चिखल झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावले, "काका, अस्तर बदलून घ्या. पण आठ-दहा दिवसांपलीकडे खंड पडू देऊ नका. या वयात पाय एकदा विसरला की पुन्हा आठवत नाही."

नृसिंहराव पहाटे साडेचारला उठत. स्नान, पूजा, नैवेद्याचे दूध, मग पत्नीचे तोंड धुणे, वेणी, औषधे, चहा. त्यांनी अडतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले होते. वेणी घालणे त्यांना एकाहत्तराव्या वर्षी शिकावे लागले. सात वाजता ते तिला बाहेरून आधार देत शिडीवर चढवीत. पलीकडच्या पायऱ्या ती कठडा धरून स्वतः उतरे. हलते पाणी दिसले की तिला घेरी येई, म्हणून पाण्यात पाऊल पडताच ती डोळे मिटून घेई आणि फेरा पुरा होईपर्यंत उघडत नसे. मग ते शिडीमागच्या वेताच्या खुर्चीवर बसत, माळ हातात घेत आणि आपलेही डोळे मिटत. तो पाऊण तास हाच त्यांच्या सबंध दिवसातला विसावा होता. नाम चालू असे, पण खरे सांगायचे तर पुष्कळदा नामाच्या आडून ते डुलकीच घेत.

चालण्याच्या दिशेवरून सुरुवातीला थोडा वाद झाला होता. बाईंचे म्हणणे, धडधाकट उजवा हात काठावर राहील अशा बेताने फिरावे. नृसिंहरावांना ते पाहवले नाही. "अशी उलटी फेरी मृतासाठी घालतात, पद्मा," ते म्हणाले होते. "मध्ये देव उभा आहे असे समज आणि त्याला उजवी घाल. तेवढीच प्रदक्षिणा होईल." त्यामुळे लुळा डावा हात काठाकडे आला आणि चांगला उजवा हात मधल्या मोकळ्या पाण्याकडे. सुरुवातीचे काही महिने ती अडखळे, आणि ते काठाबाहेरून ओणवे होऊन तिचा दंड धरून हौदाभोवती तिच्यासोबत फिरत. पुढे ती अडखळेनाशी झाली. त्याच सुमारास ते खुर्चीवर बसू लागले.

शिरोली एमआयडीसीत उदयसिंह नावाच्या गृहस्थांचा ताडपत्र्या आणि शेततळ्यांची अस्तरे जोडण्याचा कारखाना होता. फोनवर माप सांगू लागताच ते म्हणाले, "तोंडी माप नको, सर. जुनं अस्तर घिऊन या. जुन्या कापडागत खरं बोलणारं कोण न्हाय."

हौद रिकामा करून, अस्तराची घडी टेम्पोत घालून नृसिंहराव गेले. उदयसिंहांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि नमुन्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पुढ्यात मांडले.

"ह्ये साधं निळं. ह्ये फरशीचं. ह्ये गोट्यांचं, बघितल्यावर नदीचा तळ वाटतोय. डॉल्फिनचं बी हाय, पर वैनीस्नी डॉल्फिन कशाला?" ते स्वतःच हसले. "आणि ह्ये दाणेदार. तळाला बारीक खरखर हाय. पाय निसटत न्हाय, कुणाचा आधार लागत न्हाय. आमच्या मावशीला दिलंय, ती पाण्यात एकटी झिम्मा घालती बघा."

"आधार लागत नाही?" नृसिंहरावांनी विचारले.

"अजिबात न्हाय. आता काठावरनं दुमडून घ्यायचं का पट्टीत अडकवायचं, ते जुनं बघून ठरवू."

कामगारांनी अस्तर जमिनीवर उलगडले. उदयसिंह चपला काढून त्यावर चढले, टेप लावता लावता खाली वाकले, मग उकिडवे बसले. उन्हाचा एक पट्टा पत्र्यातून तिरका येऊन निळ्या तळावर पडला होता, आणि त्यात झिजलेल्या जागा पांढुरक्या दिसत होत्या.

"दोघं चालताय व्हय रोज?"

"नाही. मंडळी एकट्याच चालतात. मी बाहेर बसतो."

"चेष्टा करताय सर."

नृसिंहरावांनी नुसती मान हलवली. तेव्हा उदयसिंहांनी त्यांना हाताला धरून अस्तरावर नेले. काठाशी एक वाट उमटली होती. उजव्या पावलाचे गोल डाग, आणि त्यांच्या बाजूने डाव्या पावलाचे लांबट ओरखडे. "ह्या वैनी. डावा पाय वडत्यात." तिच्या आतल्या बाजूला, हातभर अंतर राखून, दुसरी वाट होती. तिच्यात ओरखडा एकही नव्हता. "ह्यो गडी माणूस. अनवाणी. पाऊल दमदार हाय, पर घाई न्हाय. वैनींच्या पावलागणिक ह्येचं पाऊल." शिडीच्या पायाशी येऊन ते थांबले. तिथे बोट जाईल एवढे भोक होते. "आणि गळती ही बघा. हितं उभारतोय रोज. वैनी उतरूस्तवर वाट बघत. टाचंखाली झिजून झिजून भोक पडलंय."

"घडीच्या खुणा असतील," नृसिंहराव म्हणाले.

"असतील की." पण उदयसिंहांची नजर अस्तराच्या मध्यावर गेली होती. तिथे, अगदी मध्यबिंदूवर, दोन तळव्यांचे ठसे होते. एकमेकांना चिकटून, एका रेषेत, फार वेळ एका जागी उभे राहणाऱ्याचे. तेथून पावलांची एक रांग सरळ शिडीकडे निघाली होती. उदयसिंहांनी वाकून दोनतीन ठशांवरून अंगठा फिरवला. "चवडं समदं भाईरच्या अंगाला हाईत," ते हळू म्हणाले. "जायची वाट हाय. परत यायची न्हाय."

यानंतर त्यांनी थट्टा केली नाही. माप घेतले, अस्तराची घडी स्वतःच्या हाताने घातली आणि नमुन्याचे तुकडे पिशवीत भरून दिले. "वैनीस्नी इचारून सांगा," एवढेच म्हणाले.

घरी आल्यावर नृसिंहरावांनी ते तुकडे पद्मजाबाईंच्या मांडीवर ठेवले. रंगांकडे तिने पाहिलेही नाही. उजव्या हाताचा अंगठा एकेकावरून फिरवीत ती दाणेदार तुकड्याशी आली आणि तो तिने बाजूला सारला.

"हा नको. टोचेल."

"पाय घसरत नाही म्हणतात याच्यावर. आधार लागणार नाही तुला."

"मला नाही टोचायचा. तुम्हाला म्हणतेय मी. इतका वेळ माझ्याबरोबर अनवाणी चालता, तळव्यांची सालं निघतील." थोडे थांबून तिने साध्याच तुकड्यावर तळहात ठेवला. "एक बोलू? एवढी वर्षं संसार केला, पण तुम्ही असा हात कधी धरला नव्हता. आधी काठाबाहेरून दंड ओढायचात ना, तेव्हा कळायचं मला, तुम्ही दमलायत ते. आत उतरून धरायला लागलात आणि माझी भीतीच गेली. पाण्यात तुमचा हात किती मऊ लागतो. माळेचे घट्टेसुद्धा लागत नाहीत."

नृसिंहरावांनी उरलेले तुकडे गोळा करून पिशवीत भरले. 'मी नव्हतो' हे दोनच शब्द पुरे होते, आणि त्या दोन शब्दांनी ती पुन्हा खाटेवर गेली असती.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांना खुर्चीवर बसू लागल्याची ती पहिली सकाळ आठवली. ओणवे होऊन फिरता फिरता खांदा निखळून पडेल असे वाटले होते. आदल्या रात्री ती तीनदा उठली होती, त्यांना झोप नव्हती. तेव्हा ते मनात म्हणाले होते, 'पांडुरंगा, माझ्याने होत नाही. आता तूच धर हिचा हात.' आणि तिचा दंड सोडून ते खुर्चीत जाऊन बसले होते. माणूस देवाला रोज काहीबाही म्हणतच असतो. देव भक्ताघरी पाणी भरतो, जात्याशी बसून दळण दळतो, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनांतून ऐकले होते आणि प्रत्येक वेळी डोळे पुसले होते. पण ज्याच्या घरी तो असा राबायला आला, त्या घरधन्याला पुढे त्या घरात कसे वाटले, हे कोणत्याच कीर्तनकाराने कधी सांगितले नव्हते.

आणि आलेला तोच होता, हे तरी कोणी सांगावे? मध्ये उभा असलेला देव तर त्यांनी नुसता समजायला सांगितला होता. दिव्याची वात सारखी करून ते बराच वेळ मूर्तीच्या पावलांकडे पाहत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी उदयसिंहांना फोन लावला.

"दाणेदारच करा. पांढरे. नक्षी नको."

"वैनीस्नी चाललं?"

"मी सांगतो आहे ना."

अस्तर यायला आठ दिवस लागले. पद्मजाबाईंचा पाय त्या आठ दिवसांत खरोखरच विसरू लागला. पाचव्या दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी ती अडली, काठी भिंतीला टेकवून तिने उजवा हात बाजूला धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. नृसिंहरावांनी पुढे होऊन तो हात धरला. ती तीन पावले चालली आणि चौथ्याला थांबली. "हळू हो," ती म्हणाली. "किती ओढता." तिला खुर्चीत बसवून ते स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी लावत राहिले. आपण ओढत होतो हे त्यांना कळले नव्हते. त्यांना एवढेच वाटत होते की ही पुन्हा चालली पाहिजे, आणि आपल्या हाताला धरून चालली पाहिजे. सोडलेली गोष्ट परत मागायला अजून फार उशीर झालेला नसावा.

नवव्या दिवशी माणसे अस्तर बसवून गेली. हौद दुपारपर्यंत भरला. पांढऱ्या तळावर कुठे सुरकुती नव्हती, की डाग नव्हता. उतरत्या उन्हात पाणी दुधासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी तिला शिडीवर चढवले. पलीकडच्या पायऱ्या ती उतरली, तळाला पाय लागताच तिच्या कपाळाला आठी पडली, पण तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत नाम सुरू केले. खुर्चीकडे पाठ करून नृसिंहरावांनी धोतराचा काचा मारला. गुडघे कुरकुरत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते त्या शिडीवर चढले आणि आवाज न करता पाण्यात उतरले. पाणी गार होते. पायाखालचे दाणे तळव्यांना टोचत होते, आणि त्या टोचण्याने त्यांना कसा कोण जाणे धीर आला.

ती पुढे निघाली होती. काठापासून थोडी आतून, संथ, न अडखळता. तिचा उजवा हात मधल्या पाण्याकडे किंचित पुढे झालेला होता. चारी बोटे वळलेली, वर अंगठा टेकलेला. ती मूठ नव्हती. हातात हात असतो तेव्हा बोटे जशी असतात तशी ती होती. नृसिंहराव तिच्या उजवीकडून जवळ गेले. त्यांनी हात पुढे केला आणि तो पाण्यातच थांबला. तिथे आणखी एक हात ठेवायला जागा नव्हती.

मग ते मागून वळसा घेऊन तिच्या आणि काठाच्या मध्ये आले आणि त्यांनी तिचा लुळा डावा हात आपल्या हातात घेतला. फार हळू घेतला. या वेळी त्यांनी ओढले नाही.

ती थांबली. ओठ हलायचे राहिले. डोळे न उघडता तिने मान उजवीकडे, मोकळ्या पाण्याकडे वळवली, आणि घरात पाहुणा आल्यावर बायको नवऱ्याला जशी दबक्या आवाजात विचारते, तसे विचारले,

"अहो, डाव्या बाजूला कोण आलंय?"