तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझ्या थोरल्याची एक खोड मला मुळीच आवडत नाही. कुठेही गेला की तो आधी भिंतींशी बोलतो, वेळ उरला तर माणसांशी. त्याच्या आत्यासाठी जागा बघायला निघालो, तर पहिल्याच ठिकाणी दारात एक म्हातारबाबा हात जोडून बसलेले. हा त्यांना वळसा घालून सरळ न्हाणीघरात गेला आणि भिंतीतला आधाराचा दांडा हलवून बघायला लागला. "पक्का आहे," म्हणाला. दांडा पक्का होता, पोरगंच कच्चं निघालं. बाबांना नमस्कार मी केला.

वृद्धाश्रम म्हणायचं नाही, केअर सेंटर म्हणायचं, अशी मला घरातून निघतानाच ताकीद होती. हातात त्याचा छापील कागद. त्यावर सत्तावीस प्रश्न, दर प्रश्नाला दहा मार्क. मी तिसरीपर्यंत शिकलेली. पण तीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्यात मी. माणसाला कुठे नीट झोपवलं जातं आणि कुठे नुसतं टाकलं जातं, ते चादर सांगते. हे मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, "आई, चादर आहे ना यादीत. एकोणीस नंबर."

जागा बघायची वेळ का आली, तेही सांगते. वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, सगळा जन्म आमच्याच घरात. मी चादरी धुवायचे, त्या इस्त्री करायच्या, आणि मधल्या वेळात आम्ही भांडायचो. हिवाळ्यात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा उभा राहिना. सूनबाई आणि थोरला दिवसभर कामावर, घरात मी आणि माझे हे दोन गुडघे. एक दिवस त्यांना खुर्चीवरून पलंगावर घेताना माझाच तोल गेला. दोघी फरशीवर. शेजारीण येईपर्यंत तासभर तशाच बसून होतो.

"तुमच्याच्यानं होत नाही तर उचलता कशाला, वहिनी?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही हलक्या असतात तर उचललं असतं," मी म्हणाले.

हसलो दोघी. पण त्या रात्रीपासून वन्सं पाणी कमी प्यायला लागल्या. उठवावं लागू नये म्हणून. हे थोरल्याला कळलं नाही. मला कळलं, आणि जागा बघायला मीच हो म्हणाले.

आता वन्संची रीत. त्यांना काहीही विचारा, पहिल्यांदा 'नको'. चहा? नको. भात वाढू? नको. दुसऱ्यांदा विचारलं की 'राहू दे'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा द्या', आणि मग अख्खा पितात. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं पहिल्या हाकेला हो म्हणू नये, असं त्यांच्या आईनं त्यांच्या डोक्यात घातलं होतं. आई गेली, भाऊ गेला, 'नको' मात्र राहिलं. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदाच विचारायचे आणि ताट उचलायचे. ही बाई वाळत का चाललीय हे समजायला मला चार महिने लागले. तेव्हापासून आमच्या घरात तीनदा विचारतात.

थोरल्याच्या सत्तावीस प्रश्नांत हा नव्हता. म्हणून मी माझी वेगळी परीक्षा ठरवली, कुणाला न सांगता. जिथे जाऊ तिथे पाणी, चहा पुढे आला की मी म्हणणार, नको. आणि बघणार.

पहिल्या जागेला मी नाव ठेवलं कारंजंवाली. दारात कारंजं, आत काचेसारखी फरशी, तिच्यावर म्हाताऱ्यांनी चालायचं कसं ते देव जाणे. टाय लावलेला मॅनेजर. एका मुलीनं ट्रेमधून पाणी आणलं. मी म्हणाले, "नको." तिनं छान हसून ट्रे वळवला आणि गेली. थोरल्यानं मात्र दोन ग्लास पाणी प्यायलं आणि जागेला दोनशे एकतीस मार्क दिले.

"शनिवारी आजींना दिवसभर ठेवून बघा," मॅनेजर म्हणाला. "दहा ते चार. मग ठरवा."

शनिवारी वन्संना तिथे सोडलं. निघताना त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि लगेच सोडलं. त्या मुलीला सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं, की बाई, ह्यांना तीनदा विचार. पण मी जीभ चावली. म्हटलं, सांगून केलं तर त्यात त्यांचं काय? बघू तरी स्वतःहून विचारतात का. स्वतःला मी फार हुशार समजते, हे माझं जुनं दुखणं.

तेवढ्या वेळात आम्ही आणखी दोन जागा बघितल्या. एक तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टचं दार उघडल्याबरोबर फिनेलचा भपकारा. एवढं फिनेल ओततात म्हणजे खाली काहीतरी झाकायचं असतं. एका बाईच्या पलंगाची चादर मी जराशी उचलली, तर खालचं प्लॅस्टिक ओलं आणि चादर वरून कोरडी. नुसती वरची बदललेली. त्या बाईचा उजवा हात लुळा, आणि पाण्याचा तांब्या उजव्याच बाजूला. मी तो उचलून डावीकडे ठेवला.

"आजी, वस्तू हलवू नका," तिथली बाई ओरडली.

"तुम्ही माणसं हलवत नाही, मी तांब्या तरी हलवते," मी म्हणाले. थोरल्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मार्क त्यानंही कमीच दिले, हे कबूल करते.

दुसरी शाळेच्या मागे. जुनी इमारत, जिन्याचा रंग उडालेला, कारंजं वगैरे काही नाही. मोठी सिस्टर एका आजोबांची नखं कापत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. "बसा, एवढा अंगठा होऊ दे. अर्धा सोडला तर चिडतात," म्हणाली. थोरल्याच्या कपाळाला आठी.

चहा आला. मी म्हणाले, "नको."

"बरं," सिस्टर म्हणाली आणि कप माझ्या हाताशीच ठेवायला लावला. नखं कापता कापता म्हणाली, "थोडा तरी घ्या, उन्हातून आलात."

"राहू दे."

आजोबांचा दुसरा हात हातात घेऊन तिनं माझ्याकडे बघितलं. "गोड चालत नाही का? बिनसाखरेचा सांगू?"

मी कप उचलला. चहा पाणचट होता, तो सगळा प्यायला.

थोरल्यानं प्रश्न सुरू केले. व्यायाम करवणारा रोज येतो का? आठवड्यातून दोनदा. बाग आहे का? गच्ची आहे. रात्री किती माणसं? "अठरा जणांना दोघी," सिस्टर म्हणाली. "कमी आहेत. जास्त सांगून काय करू? रात्री येऊन बघाल तर दोघीच दिसतील." मग तिनं उलटं विचारलं, आत्याबाई कोणत्या कुशीवर झोपतात, आणि त्यांना हाक कशी मारायची. थोरल्याला पहिल्याचं उत्तर आलं नाही. त्याला ज्या आत्यानं पाच वर्षं कुशीत घेऊन झोपवलं, ती कोणत्या कुशीवर झोपते ते ह्याला माहीत नाही.

"डाव्या," मी म्हणाले.

खाली आल्यावर त्यानं बेरीज केली. एकशे बेचाळीस. "आई, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे बोलतच नाहीत," मी म्हणाले. "म्हणून तर तुझं त्यांच्याशी जमतं."

चार वाजता आम्ही कारंजंवालीत परतलो. वन्संना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ चादर, समोर कारंजं उडतंय. फोटो काढावा असं दृश्य. जवळ गेले तर ओठ पापुद्र्यासारखे सुकलेले, जीभ टाळूला चिकटलेली.

खुर्चीला फळी लटकवलेली, तिच्यावर कागद. मी एकेक अक्षर लावत वाचला. सव्वादहा, पाणी, नको. अकरा, चहा, नको. साडेबारा, जेवण, नको. दोन, पाणी, नको. तीन, संडास, नको. पुढे प्रत्येक ठिकाणी सही. सहा तासांत माझ्या नणंदेच्या घशाखाली थेंब गेला नव्हता, आणि ते फार सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं.

"आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही," मॅनेजर म्हणाला. "आजींच्या इच्छेचा मान ठेवतो."

"बघ आई, सगळ्याची नोंद आहे," थोरला म्हणाला.

मला दोघांच्या डोक्यात ती फळी घालावीशी वाटली. पण पहिला टोला माझ्याच डोक्यात बसायला हवा होता. सकाळी एक वाक्य बोलले असते तर? परीक्षा मी घेतली आणि घसा त्यांचा कोरडा पडला. मी ग्लास भरून आणला.

"वन्सं, पाणी."

"नको."

"घ्या हो."

"राहू दे, वहिनी. पुन्हा उठवावं लागेल."

"उठवतील. त्यासाठीच आहेत. घ्या."

"बरं, अर्धा द्या."

दोन ग्लास प्यायल्या. दुसरा ग्लास मी खालून धरला. ट्रेवाली मुलगी बघत उभी होती. तिचा चेहरा उतरला. तिला मी काही बोलले नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

थोरला खुर्चीपाशी वाकला. पहिल्यांदाच वाकला, ते मी बघितलं. "आत्या, इथे राहशील का?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

थोरल्यानं पेन काढलं. "बघ. तीच म्हणाली."

इतक्या वर्षांत ह्या बाईनं पहिल्या हाकेला हो म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. भूक असताना नाही, ताप असताना नाही, हाड मोडून पडल्या तेव्हा 'दवाखान्यात नेऊ?' म्हटल्यावरसुद्धा 'नको'. स्वतःसाठी त्या कधीच पटकन हो म्हणत नाहीत. हे हो आमच्यासाठी होतं.

"पेन खिशात ठेव," मी म्हणाले. "वन्सं, राहाल इथे?"

"हो म्हटलं ना. जागा चांगली आहे."

"माझ्याकडे बघून सांगा. राहाल?"

त्यांनी कारंज्याकडे बघितलं. मग चादरीची कड बोटांनी सरळ करत बसल्या, इस्त्रीआधी करायच्या तशी. "नाही," म्हणाल्या. "इथली माणसं फार लवकर ऐकतात."

मॅनेजर कुठूनसा फोन आल्यासारखा बाजूला गेला.

मी खुर्चीचा ब्रेक काढला. "शाळेच्या मागे एक जागा आहे. रंग उडालाय, चहा पाणचट. रात्री दोघीच असतात. मी रोज दुपारी येऊन बसेन. सिस्टरला तुमची खोड आधी सांगेन. चालेल?"

"नको," वन्सं म्हणाल्या.

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उरलेलं दोनदा मी घरी गेल्यावर निवांत विचारणार होते. थोरला अजून कागद धरून उभा होता. दोनशे एकतीस आणि एकशे बेचाळीस, त्याची नजर वरखाली फिरत होती. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले,

"ऐक. आज ह्या जागांची परीक्षा नव्हती, आपली होती, आणि आपण दोघं नापास झालो. मी माहीत असून बोलले नाही, म्हणून. आणि तू सत्तावीस गोष्टी एकेकदा विचारल्यास, म्हणून. नऊच विचारायच्या होत्यास, तीन-तीनदा. धर आता खुर्ची, आणि उताराला हळू."