रेडिओच्या खोक्यातली वीट

मी एक जुनी वीट आहे, मित्रांनो. विटेला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण त्र्याऐंशी साली तीन दिवस मी जशी भ्याले, तशी भट्टीतसुद्धा भ्याले नव्हते.

दूरच्या एका शहरात कुणीतरी मला चिंध्यांत गुंडाळून रेडिओच्या खोक्यात घातलं आणि दोरी आवळली. मग आगगाडी, मग एसटी, मग वालूरचं पोस्ट. पोस्टमन बन्सीधरनं हाक मारली, "भुजंगा, पार्सल आलंय. पैसे भर अन् घेऊन जा."

भुजंग मेंढ्या राखायचा आणि तीन एकरांत मूग पेरायचा. त्याच्या गल्लीत सात घरं, पण रेडिओ एकाकडेही नाही. रेडिओ होता गावातले व्यापारी आबासाहेब यांच्या माडीत. संध्याकाळी परभणी केंद्रावर मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भाव सांगत. आबासाहेब ते ऐकत आणि सकाळी गल्लीतला मूग त्याहून कमी भावानं उचलत. म्हणून सातही घरांनी वर्गणी काढली, पेपरातली जाहिरात बघून रेडिओ मागवला. भाव कळेपर्यंत कुणी मूग विकायचा नाही, असं ठरलं.

आणि खोक्यात मी!

भुजंग दोरी कापायला बसला, तर त्याच्या बायकोनं, कासाबाईनं हात धरला. "आवं, काय करायलाव? आवस लागली न्हाई का! आवस सरल्याबिगर नवी वस्तू उघडायची न्हाई."

अमावस्या सरेपर्यंत खोकं भिंतीतल्या देवळीत ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. गल्लीतल्या बाया येऊन पाया पडायच्या. "लय चांगलं झालं बाई, आता आपल्याला बी भाव कळंल." अगं बायांनो, कुणाच्या पाया पडताय! मला ओरडावंसं वाटे. पण विटेला तोंड कुठलं? पलीकडे पोत्यांत मुगाला भुंगा लागत होता, त्याची कुरकुर मला ऐकू यायची.

तिसऱ्या दिवशी दोरी कापली. चिंध्या निघाल्या, मग मी निघाले. भुजंग मला घेऊन पोस्टात पळाला. बन्सीधरनं कपाळाला हात लावला. "आरं, त्याच दिशी हितं माझ्यासमोर फोडलं असतंस तर पैसे अडवले असते. आता गेले की फुडं!"

वर्गणी गेली, मूग किडायला लागला. आबासाहेबांचा निरोप आला, उद्या माप घेऊन येतो म्हणून.

त्या संध्याकाळी कासाबाईनं मला काखेत मारलं. विहिरीत फेकते की काय, म्हणून माझा जीव गोळा झाला. पण ती थेट आबासाहेबांच्या खिडकीखाली गेली, मला भिंतीशी ठेवलं आणि माझ्यावर बसली.

"आबासाहेब, आमाला बी भाव ऐकायचाय," ती मोठ्यानं म्हणाली.

आत रेडिओ बोलत होता. ज्वारी झाली, बाजरी झाली. मग "मूग" एवढं ऐकू आलं आणि कुणीतरी आवाज बारीक केला.

कासाबाई उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात रेडिओ असेल, तर भाव सांगायच्या वेळी खिडकी उघडी ठेवा. जरा मोठ्यानं लावा. खाली कुणीतरी बसलेलं असतं.