ओठ बरा होईपर्यंत

धाकटी जन्मली त्याच आठवड्यात बाबांच्या ओठावर फोड उठले. दमणूक झाली की त्यांचं हे ठरलेलंच. आधी ओठ चुरचुरायचा, मग कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका. बाबा एका नाटक कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे. "आपलं पोट ओठावर आहे," असं ते नेहमी म्हणायचे.

आई आणि बाळ तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी येणार होती. तोवर ओठ बरा करायचाच म्हणून बाबांनी मलमाची ट्यूब आणली आणि तासातासाला थापायला सुरुवात केली. वर बोटाने चोळायचे ते वेगळंच.

"पोळीला तूप लावताय का?" मी विचारलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

"जितकं जास्त, तितकं लवकर."

तिसऱ्या दिवशी ओठ लालभडक होऊन सुजला, सालं निघू लागली. चहाचा कप लावला तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी मला बरोबर घेऊन ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण सांगितलेलं त्या गिऱ्हाइकाकडून परत म्हणवून घ्यायच्या.

"दिवसातून किती वेळा लावलंत?"

बाबा काचेमागच्या बाटल्या बघू लागले. मीच म्हणाले, "ट्यूब संपली."

मास्तरीणबाईंनी चष्मा वर केला. "साधारण चार तासांनी एकदा, जागेपणी पाच वेळा, तेही पातळ. थोडी आग होणं, कातडी कोरडी पडणं चालतं. सूज आली की मलम बंद करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. श्वास जड वाटला तर थेट इस्पितळ. लावण्याआधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. डोळ्याजवळ किंवा तोंडाच्या आत लावायचं नाही. ट्यूब एकाने वापरलेली दुसऱ्याने घ्यायची नाही. म्हणा."

बाबांनी शाळकरी पोरासारखं सगळं म्हटलं. मग हळूच विचारलं, "आज घरी बाळ येतंय. पापा घेतला तर?"

मास्तरीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पाप्यातून हे लागतं, आणि एवढ्या लहान जिवाला फार महागात पडू शकतं. खपली पडून कातडी स्वच्छ होईपर्यंत पापा नाही. हात धुऊन, फोड झाकून मांडीवर घ्या हवं तर."

तिथून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलम बंद केलं, ओठाला हातही लावू नका म्हणाले. मांडीवर घ्यायला परवानगी होती, पण बाबांचा धीर झाला नाही. ते दारापाशी स्टूल टाकून बसायचे आणि लांबूनच नाटकातल्या चाली गुणगुणायचे. कंपनीत त्यांच्या जागी दुसराच वाजवत होता.

"अहो, एवढ्या लांबून तिला दिसत नाही अजून," आई म्हणायची.

"ऐकू तर येतं ना."

अकराव्या दिवशी ओठ स्वच्छ झाला. तरी खात्रीसाठी ते मास्तरीणबाईंना दाखवून आले. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आईपुढे नुसतेच उभे राहिले.

"घ्या की," आई म्हणाली.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. धाकटी अजून विचारते, मला पहिल्यांदा घेतलं तेव्हा बाबा काय म्हणाले? मी खरं तेच सांगते. काहीच म्हणाले नाहीत. तुझ्या कपाळावर ओठ टेकवले, तुला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.