दसरू कोणत्या यादीत

मागच्या खेळाला जयाच्या संगणकातल्या प्रोग्रामानं, कुणाला उपास आणि कुणाला जेवण ते पाहून, नऊ नटांना गावात मुक्कामाची घरं नेमून दिली आणि दहाव्या नावाशी मान टाकली. दहावं नाव होतं पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं. पेटीला उपास आहे की जेवण, हे प्रोग्रामाला कुठंच सापडेना. तो बंद पडला, उरलेले नट वाऱ्यावर, आणि नाटकातले राजेसाहेब गावच्या गोठ्यात झोपले.

वडशाच्या त्या नाटक मंडळीचे मालक लटारूभाऊ आज निक्षून सांगून गेले होते, "जयाबाई, चारले गाडी मूल गावाकडे निघते. तवापर्यंत यादी निघाली तं ठीक. नाई तं उद्यापासून पुन्हा खुशालचं हातानं लिवलेलं रजिस्टर, अन् तू आपल्या घरी."

जयाचा गुरुवार होता. पेलाभर पाणी पिऊन ती संगणकापुढं बसली. चूक तिचीच. तिनं एकच यादी केली होती आणि तिच्यात कुणीही यावं, बसावं: नट, पेटी, पडदा, जनरेटर. प्रोग्रामाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत मात्र यादीच्या तोंडाशीच लिहिता येत होतं, ही फक्त कलाकारांची, ही फक्त सामानाची. भलतं काही आत शिरू लागलं तर लिहिलेलं आधी तपासणारा कंपायलर दारातच हात धरी, प्रोग्राम सुरूच होऊ देत नसे.

तिनं एकीच्या दोन याद्या केल्या. कंपायलरनं चौदा चुका काढल्या. तेरा निस्तरल्या. चौदावी हटेना: सामानाला भूमिका नसते.

ओळ होती दसरूची. भूमिका, फौजदार.

"खुशालभाऊ, दसरूभाऊले रजिस्टरात सामानात काऊन लिवलं होतं तुमी? म्या तं तसंच उतरवलं."

व्यवस्थापक खुशाल पान चघळत म्हणाला, "पडदा वढते ना थो. पडद्यासंग गाडीत चढते, पडद्यावरच झोपते. बारा वर्सं झाली. कोनी तक्रार नाई केली."

"मशीननं केली."

लटारूभाऊ डोकावले. साडेतीन झाले होते. "भूमिका काढून टाक ना बाई! रायू दे त्याले सामानात."

"काढतो भाऊ," जया हळूच म्हणाली. "पन मंग तिसऱ्या अंकात खुन्याले पकडन कोन?"

लटारूभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "टाक कलाकारात."

जयानं ओळ हलवली, मनात दत्ताचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. एकही चूक नाही. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. दसरू, मुक्काम: सरपंचांचं घर.

गाडीत पडदा चढवता चढवता दसरूनं तो कागद दोन्ही हातांनी धरला. "खाट रायते का वं तिथी?"

"रायते. अन् जेवन बी, पंगतीत."

दसरूचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "मंग पडद्यापाशी कोन झोपन? उंदरं कुरतडतेत ना."

सगळे खुशालकडं पाहू लागले.

"म्या काऊन? म्या व्यवस्थापक हावो!"

"होय भाऊ," जया नम्रपणे म्हणाली, "पन तुमचं नाव दोन्ही यादीत नाई. तुमाले घरच नाई निघालं."

चारला गाडी हलली. मागं पडद्याच्या गुंडाळीवर खुशाल बसला होता आणि लटारूभाऊ पुढून ओरडत होते, "जयाबाई, उद्याच्या गावाची बी काढून ठेव!"